हिरवा दोरा

नमस्कार श्रोतेहो. मिरचीच्या संकरित बियाण्याचं पाकीट हातात घेतलं की आपल्या तोंडून हमखास निघतं, ‘दहा ग्रॅमला एवढे पैसे? सोनं आहे की काय!’ आज त्या दहा ग्रॅमबद्दलच बोलायचं आहे.

मिरचीचं फूल तुम्ही रोज बघता. पांढरं, इवलंसं, मान खाली घालून बसलेलं. त्यातच नर, त्यातच मादी, म्हणजे घरच्या घरात लग्न. संकरित बी करायचं तर हे लग्न मोडावं लागतं. एक वाण भरघोस लागणारा, दुसरा रोगाला दाद न देणारा, असे दोन निवडायचे. दोन्ही आधी काही पिढ्या आपापल्यातच वाढवून शुद्ध करायचे. मग मादी झाडावरची उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर चिमट्यानं सोलायची. परागाच्या पिशव्या फुटायच्या आत काढून टाकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग तिला लावायचा. लावला की देठाला दोरा बांधायचा. हा दोरा लक्षात ठेवा. दोरा असलेली मिरची संकरित, बिनदोऱ्याची घरचीच. बिनदोऱ्याच्या सगळ्या तोडून टाकायच्या.

दोऱ्याचं नाव निघालं की मला सिंदखेडराजा आठवतं. सिंदखेडराजा, देऊळगावराजा, पलीकडे जालना, हा पट्टा शेडनेटमध्ये, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, भाजीपाल्याचं बी पिकवणारा. मी तिथं एका कंपनीचा सुपरवायझर होतो, नवा नवा, सगळं कळतं असं वाटण्याच्या वयातला. शेडनेटमध्ये बारा बाया क्रॉसिंग, म्हणजे हेच कळी सोलून पराग लावायचं काम, करायच्या. त्यात एक मावशी होत्या, साठीच्या. डोळ्याला चष्मा नाही, आणि चिमटा असा चालायचा की जणू बोटाचं नखच.

क्रॉसिंगचा शेवटचा आठवडा आला आणि लाल लोकरीचा दोरा संपला. चूक माझी, तालुक्याहून आणायचा राहिला होता. बाकीच्या बाया हात बांधून बसल्या. मावशींनी आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर उसवला आणि त्याचे धागे बांधत सुटल्या. मला सांगावं असंही त्यांना वाटलं नाही.

पुढं बिनदोऱ्याच्या मिरच्या तोडायचा दिवस उजाडला. मावशी नेमक्या भाचीच्या लग्नाला गेलेल्या. मी त्यांच्या दोन ओळी पाहिल्या, तर वरच्या फांद्यांवर लाल दोरा औषधालाही नाही! म्हटलं, मावशींनी आठवडाभर नुसती हजेरी लावली. तोडा सगळं. एक पाटी भरली, दुसरी अर्ध्यावर आली, तेवढ्यात मावशी हजर, लग्नातलं नवं लुगडं तसंच अंगावर. पाटीत हात घातला, एक मिरची उचलली आणि माझ्या नाकासमोर धरली.

‘सायब, ह्यो काय हाय?’

मला देठ दिसला. म्हणाल्या, ‘नीट बघा.’ पाहिलं, तर हिरव्या देठाला हिरवा धागा.

‘अहो, मावशी, पण हिरवा?’

‘मंग? दोरा सरला म्हून फुलं थांबत्यात व्हय?’

तोडलेली मिरची काही परत लागत नाही. उरलेल्या झाडांशी खुणेच्या काठ्या रोवल्या, पण हिरव्यात हिरवं शोधायचं कसं? मावशी म्हणाल्या, ‘लाल होऊ द्या की.’ मिरच्या पिकल्या आणि प्रत्येक धाग्याचं सुटं टोक लालभडक मिरचीवर लोंबताना दिसायला लागलं, अगदी वाटेवरून. ते बी वेगळं काढलं, वेगळं लावून तपासलं. एक झाड परकं निघालं नाही.

त्या दीड पाटीचं काय केलं म्हणता? ठेचा. आणि ठेचा खलबत्त्यातच व्हायला हवा. मिक्सरमधून निघते ती चटणी, तिला ठेचा म्हणू नये. हे मत माझं, या केंद्राचं नव्हे. हल्ली तर जिरं न घालता ठेचा करतात लोक. जाऊ द्या.

तर मुद्दा कळी सोलायच्या मजुरीचा, दहा ग्रॅमचा भाव चढतो तो तिच्यामुळं. तिच्यावर उपाय म्हणजे मादी म्हणून असं झाड घ्यायचं, ज्याच्या फुलात कामाचा परागच धरत नाही. त्याला नरवंध्य म्हणतात. अशा एका प्रकारची मिरची पीटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1958 साली नोंदवली, आणि गंमत बघा, ती भारतातूनच तिकडं गेलेली होती! पंजाब कृषी विद्यापीठाचा सीएच-1 हा संकर नरवंध्य ओळीवरच, म्हणजे अशा मादी झाडांच्या वाणावरच, उभा आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का मेघनाही तसाच. चिमटा वाचला, दोराही वाचला. मात्र सीएच-1 च्या मादी ओळीत निम्मी झाडं पराग देणारी निघतात, ती फुलं येताच ओळखून उपटावी लागतात. म्हणजे मावशींच्या डोळ्यांची गरज आहेच.

आता कामाचं, दोनदा सांगतो. संकरित बी एकाच पिढीचं. एकाच पिढीचं. त्याच्या मिरचीतून बी धरलंत, तर पुढच्या वर्षी कुणी झाड आजोबांवर जाईल, कुणी पणजीवर. उंची वेगळी, तिखटपणा वेगळा. घरचं बी धरायचं असेल, तर पुसा ज्वाला, फुले ज्योती असे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण घ्या. शेजारी दुसरी मिरची नको, माश्या पराग इकडचा तिकडं करतात.

चुरडा-मुरड्याबद्दल, म्हणजे मिरचीची पानं आकसतात त्या रोगाबद्दल, बोलायचं होतं, ते दोऱ्यात अडकून राहिलं. तूर्त एवढं करा, रोपांच्या गादीवाफ्यावर बारीक जाळी लावा, पांढरी माशी रोपांपाशी येता कामा नये. बाकीचं पुढच्या वेळी. नमस्कार.