रोबो बरा, पण कशापेक्षा?

(दृश्य : मिरज, सकाळ. दवाखान्यांच्या पाट्या.)

मिरजेत रिक्षावाल्याला नुसतं ‘दवाखान्यात सोडा’ म्हणून भागत नाही. कुठल्या, ते सांगावं लागतं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशनचा दवाखाना काढला आणि सतारी-तंबोऱ्यांच्या या गावाला दुसरी ओळख मिळाली.

(दृश्य : बाकावर बसलेली बाई, मांडीवर रिपोर्ट.)

या तासगावकडच्या. रिपोर्ट पिशवीत, आणि दुखणंही पिशवीचंच: गर्भाशयात गाठ, पिशवी काढायची. सासूचं हेच ऑपरेशन खालनं, योनीमार्गातून झालं, जावेचं पोट उघडून, शेजारणीचं दुर्बिणीतून. यांच्यापुढं आता रोबोचं नाव आलंय. यंत्र आपलं आपण कापतं की काय, ही पहिली धास्ती.

(दृश्य : ऑपरेशन थिएटर, कन्सोल.)

तसं काही नाही. डॉक्टर टेबलापासून थोडं लांब, पडद्यात डोळे घालून बसतात. त्यांची बोटं वळतील तशी पोटातली करंगळीहून बारीक हत्यारं वळतात. दुर्बिणीच्या सरळ हत्यारांना मनगट नसतं, यांना असतं. हाताचा कंप गाळला जातो. पण बहुतेक यंत्रांत टाका किती ओढला गेला, हे बोटांना कळत नाही, नजरेनंच ताडायचं.

मग हे बरं, पण कशापेक्षा? पोट उघडण्यापेक्षा म्हणाल तर रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. ते तर दुर्बीणही देते! कॅन्सर नसताना पिशवी काढलेल्या बायकांच्या अमेरिकेतल्या नोंदी २०१३ साली छापून आल्या, २ लाख ६४ हजारांवर. गुंतागुंत रोबोत ५.५ टक्के, दुर्बिणीत ५.३. खर्च मात्र रोबोचा दर पेशंटमागं २ हजार डॉलरहून जास्त.

कॅन्सरचं गणित निराळंच निघालं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ६३१ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या, पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बीण किंवा रोबोवाल्यांत ८६. हा २०१८ चा निकाल. त्यात रोबोच्या केसेस थोड्याच होत्या, म्हणून स्वीडनमधून रोबो विरुद्ध उघडं ऑपरेशन अशी वेगळी चाचणी निघाली.

(दृश्य : पुन्हा बाक.)

यांची गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. अशा वेळी जमत असेल तर आधी खालचाच रस्ता बघा, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. म्हणजे सासूचंच ऑपरेशन. ते आपल्याला जमेल का, हे यांनी अजून विचारलेलं नाही.

नंबर पुकारला जातो. त्या रिपोर्ट सावरत उठतात.