बंद गोणीतला ओलावा

गोणी भरली तेव्हा मीठ मोकळं होतं. आत प्लॅस्टिकचं अस्तर, तोंड घट्ट शिवलेलं. बाहेरचं पाणी आत गेलं नाही. तरी काही महिन्यांनी उघडली, तर आत दगड!

पाणी आतच होतं. वाळवलेल्या मिठातही किंचित ओलावा उरतो, आणि तो एका जागी बसत नाही. दिवसा गोणीची एक बाजू तापते. तिथल्या दाण्यांवरचं पाणी वाफ होऊन फटींतल्या हवेतून गार बाजूकडे सरकतं. गार हवेत आर्द्रता चढते. 25 अंश सेल्सिअसला सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा धरू शकते त्या वाफेपैकी तिच्यात असलेला वाटा, 75 टक्क्यांवर गेली, की शुद्ध मीठ विरघळू लागतं. मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलं असेल, तर त्याला 33 टक्केही पुरतात. ‘मिठाला पाणी सुटलं’ म्हणतो आपण. खरं तर मिठानं ते हवेतून ओढलेलं असतं.

आता दोन दाणे टेकतात ती जागा पाहा. फट इतकी अरुंद, की पाणी आधी तिथेच साचतं. त्यात थोडं मीठ विरघळतं. रात्री तापमान उलटतं, वाफ माघारी फिरते, पाणी जातं. मीठ मात्र तिथेच स्फटिक होऊन बसतं. दोन दाण्यांमध्ये पूल तयार! एका रात्रीचा पूल बोटानं मोडतो. पण हे रोज घडतं. थप्पीच्या तळाशी तर वरच्या वजनानं दाणे आणखी घट्ट टेकलेले असतात.

खतांचंही असंच. अमोनियम नायट्रेटचे स्फटिक 32 अंशांच्या आसपास रचना बदलतात. तो उंबरठा वारंवार ओलांडला, की दाणे फुटून भुकटी होते आणि टेकण्याच्या जागा वाढतात.

जर्मनीतल्या ओपाउच्या खत कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचं मिश्रण असंच घट्ट व्हायचं. ते सुटं करायला सुरुंग लावत. हजारो वेळा काही झालं नाही. 21 सप्टेंबर 1921 च्या सकाळी साठ्याचाच स्फोट झाला. पाचशेहून अधिक माणसं गेली.

मिठाचा दगड होऊ नये म्हणून त्यात फेरोसायनाइड हे रसायन घालतात, दहा लाख भागांत जेमतेम काही भाग. त्यानं पूल ठिसूळ होतात. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते माल गार करूनच गोणीत भरणं. गरम माल भरला, तर थप्पी बाहेरून आधी निवते, मधली ऊब टिकते आणि ओलावा पहिल्याच रात्री कडेच्या दाण्यांकडे निघतो.