भरती आल्याशिवाय जहाज आत येत नाही

नमस्कार मंडळी! गेटवेवरून मांडव्याच्या लाँचने कधी गेला असाल तर बघितलं असेल, बाहेर मोठमोठी जहाजं नांगर टाकून नुसती उभी असतात, आणि लाँचमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं की बंदराचा कारभारच ढिसाळ, जागा मिळत नसणार. नसेल मिळत कधीकधी, पण बऱ्याचदा जहाज थांबलेलं असतं ते पाणी चढायची वाट बघत.

आता समुद्रात काय पाणी कमी आहे? तर मुंबई बंदरात आहेच कमी. खाड्यांचा गाळ तळाला बसतो, ड्रेजर लावून उपसा, पावसाळ्यात परत येतोच, कायमचं दुखणं आहे ते. समोरचं न्हावा शेवा बंदर 1989 पासून चालू, चॅनल, म्हणजे जहाजांचा खोदलेला मार्ग, दोन टप्प्यांत खोल केला तेव्हा कुठे आता 15 मीटर ड्राफ्टची जहाजं येतात, तीही भरती साधून. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्याखाली किती आहे ते.

चार्टवरची, म्हणजे समुद्राच्या नकाशावरची, खोली साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची असते, त्यात त्या वेळची भरती मिळवायची. समजा चार्टवर 15 मीटर आणि भरती साडेतीन, झाले साडेअठरा, जहाज 15 चं, म्हणजे खाली साडेतीन मीटर शिल्लक. पण भरती रोज सारखी नसते, उधाणाला पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी, हे कोळी बांधवांना मी काय सांगणार!

आणि ती शिल्लकही पुरती आपली नाही बरं का. उथळ पाण्यात जहाज पळवलं की ते आणखी खाली बसतं, याला स्क्वॉट म्हणतात, वेग दुप्पट केला तर बसणं जवळपास चौपट. म्हणून पायलट, म्हणजे जहाज आत आणणारा बंदराचा वाटाड्या, जो बाहेर समुद्रातच दोरीच्या शिडीने वर चढतो, तो आधी ड्राफ्ट विचारतो आणि वेग आवरून धरतो. फार हळू गेलं तर सुकाणू नीट लागत नाही, मग सगळा भार टगवर, म्हणजे जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटींवर, आणि तिकडे भरती उतरायच्या आत धक्क्याला लागायचंय.

7 ऑगस्ट 2010 ला इथेच चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, कंटेनर समुद्रात पडले. तेलाच्या तवंगाचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पण बुडालेले कंटेनर नेमके कुठे पडलेत हे कळेपर्यंत मोठी जहाजं आत घेणार कशी? काही दिवस ये-जा बंदच. कारण साधा कंटेनर अडीच मीटरहून उंच असतो, आणि आपण मगाशी जहाजाखाली शिल्लक धरली होती साडेतीन.