कंप, कॅप्सूल आणि डॉक्टरांची शाळा

नमस्कार, श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तरीतले एक आजोबा सुनेबरोबर तालुक्याच्या गावाहून ओपीडीत आले. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती, पावलं घासत पडत होती, दोन्ही हातांना कंप होता. शर्टाची बटणं सून लावून द्यायची. पार्किन्सन आहे असं घरच्यांनी धरूनच चाललं होतं. मी म्हटलं, "आजोबा घेतात ती सगळी औषधं दाखवा बरं." तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात ॲसिडिटीची एक कॅप्सूल होती. वर्षभर, रोज सकाळी, उपाशीपोटी.

त्या कॅप्सूलमध्ये आम्लता कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला लेव्होसल्पिराइड होतं. मेंदूत डोपामिन नावाचं जे रसायन हालचालींना वळण लावतं, त्याचं काम हे औषध अडवतं. मग माणूस हुबेहूब पार्किन्सनच्या रुग्णासारखा दिसू लागतो. चक्करेवरचं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड यांनीही असंच होऊ शकतं. ही औषधं वाईट नाहीत. कारणापुरती, थोडे दिवस घेतली तर उपयोगाचीच आहेत. पण जुनीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्महिने आणली जातात आणि उतारवयात महागात पडतात.

आजोबांची कॅप्सूल बंद केली. असा कंप ओसरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. काहींचा तर पूर्ण जातच नाही. आजोबा नशीबवान ठरले. चौथ्या महिन्यात आले तेव्हा शर्टाची बटणं त्यांनी स्वतः लावली होती. गळ्याजवळचं तेवढं सुनेनं लावलेलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. डॉक्टरचं शिक्षण पदवीपाशी संपत नाही. दर पाच वर्षांत निदान 30 तास नवं शिकावं, असं आपल्याकडच्या 2002 च्या नियमावलीत आहे. त्यासाठीच्या सभांना आम्ही 'सीएमई' म्हणतो. मी अशा सभांत शिकतो आणि शिकवतोही. म्हणून मनापासून सांगतो, हालचालींचे आजार अंधाऱ्या हॉलमध्ये स्लाइड बघून शिकता येत नाहीत. पार्किन्सनचं निदान करून देणारी साधी रक्ततपासणी नाही, आणि नेहमीचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. निदान करायचं ते डोळ्यांनी. 1817 मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर लिहिलं ते अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले! या विषयाचं आंतरराष्ट्रीय नियतकालिक 1986 मध्ये निघालं, तेव्हा अंकासोबत रुग्णांची व्हिडिओ कॅसेट दिली जायची. चाल शब्दांत किती सांगणार?

म्हणून आमच्या सीएमईत आम्ही रुग्णालाच, त्याच्या संमतीनं, समोर बसवतो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगतो. पहिल्या चार-पाच वेळा बोटं नीट उघडतात, मग उघडझाप लहान होत जाते, मध्येच अडते. हा पार्किन्सन. दुसऱ्या बाईंचे हात मांडीवर अगदी शांत, पण चहाचा कप तोंडाशी नेताना बशीभर चहा सांडतो. हा बहुधा वेगळाच कंप, त्याचं औषधही वेगळं. एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असतो. अक्षर बिघडलंय, बोलणं जड झालंय, शाळेत बोलणी खातोय. त्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं तर तो विल्सनचा आजार, शरीरात तांबं साठण्याचा. वेळेत ओळखला तर औषधांनी आटोक्यात राहतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. हे एकदा नीट पाहिलेला डॉक्टर सहसा विसरत नाही.

आणि पाहायला हवं ते आधी गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी. माझ्यासारख्याकडे रुग्ण येतो तो वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर, खांदा आखडला म्हणून शेक घेऊन घेऊन दमल्यावर. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात आम्ही न्यूरोलॉजिस्टच एकमेकांना शिकवत बसलो, तर त्या आजोबांच्या पदरात काय पडणार? सीएमई तालुक्याला गेली पाहिजे, तीही दवाखाना बंद असतो त्या दिवशी.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या. ॲसिडिटीची, चक्करेची, अगदी काढ्याची बाटलीसुद्धा. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका; पार्किन्सनची तर मुळीच नाही, ती अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

आजोबांच्या गावच्या डॉक्टरांना मी तेव्हा फोन केला होता. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "सर, हे आम्हाला कुणी दाखवलंच नाही हो." पुढच्या सीएमईला ते चार तासांचा एसटीचा प्रवास करून आले. परवानगी घेऊन मोबाईलवर तीन रुग्णांची चाल टिपून आणली होती आणि प्रत्येकाच्या औषधांची यादी वहीत लिहून. त्यातल्या एका यादीत, लाल शाईनं खूण केलेली, तीच कॅप्सूल होती.