एका कॅरमवर पाच काकाजी

(दृश्य : नागपूरच्या फुटाळा तलावाची चौपाटी, संध्याकाळ. कठड्याला टेकून उभी मुलं, एकाच्या हातात आडवा धरलेला मोबाइल.)

निवेदन :
फुटाळ्यावर संध्याकाळी पोट्ट्यांची एक गंमत चालते. एकानं मोबाइल पॅनोरमावर लावायचा आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत न्यायचा. दुसऱ्यानं डाव्या टोकाला दात काढून उभं राहायचं. फोन पुढे सरकला रे सरकला, की फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून धूम ठोकायची आणि उजव्या टोकाला जाऊन पुन्हा दात काढायचे. "समोरून नको येऊ बे, मागून पळ!" समोरून गेला तर फोटोत त्याचं अर्धं डोकं, दीड हात, असलं काहीतरी भलतंच उतरतं. मागून नीट पळाला, तर एकाच कठड्यावर एकच पोरगा दोनदा.

ही चलाखी मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. सर्कट नावाचा एक कॅमेरा होता, त्याचं पेटंट १९०४ चं. तो तिवईवर स्वतःभोवती फिरायचा, आत फिल्म सरकत राहायची आणि अख्ख्या शाळेचा फोटो एका लांबच लांब पट्टीवर यायचा. मग काय, एखादा वांड मुलगा एका टोकाला फोटो देऊन रांगेमागून दुसऱ्या टोकाला पळायचा. हेडमास्तरांना कळायचं ते फोटो धुऊन आल्यावर.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो एकामागून एक.)

एकाच माणसाला एका चौकटीत अनेकदा बसवायची हौस फोटोग्राफीइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडर नावाचा फोटोग्राफर होता. १८५७ मध्ये त्यानं तीसेक निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र रचलं आणि त्यावर पुष्कळ वादही झाले. पण आम्हाला त्याचा दुसरा फोटो जास्त आवडतो, १८७१ च्या सुमाराचा. त्यात चित्रकार रेजलँडर हा स्वयंसेवक सैनिक रेजलँडरची ओळख करून देतोय. दोघेही तोच. आपणच आपली ओळख करून द्यायची, यापुढे काय बोलणार!

त्या काळची सोपी रीत अशी. भिंगाच्या पुढे अर्धं झाकण लावायचं. माणूस डावीकडे बसवून फोटो घ्यायचा, झाकण दुसऱ्या बाजूला फिरवायचं, माणूस उजवीकडे बसवायचा आणि त्याच काचेवर (तेव्हा फिल्मच्या जागी काच असे) पुन्हा फोटो घ्यायचा. झाकण भिंगाला अगदी लागून असल्यामुळे त्याची कड फोटोत धूसर येते, आणि दोन अर्ध्या फोटोंचा सांधा त्या धूसरपणात लपतो. भिंगाचं छिद्र फार बारीक केलं की कड ठसठशीत होते आणि मधोमध रेघ दिसते. सगळी कला त्या छिद्रात.

सिनेमावाले यात मागे राहिले असते तरच नवल. १९०० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसनं सात वादकांचा एक बँड पडद्यावर बसवला, सातही जण तो स्वतः. फिल्मचा तोच तुकडा गुंडाळून पुन्हा पुन्हा वापरायचा. एका फेरीत चूक झाली की आधीची सगळी मेहनत पाण्यात. १९२१ मध्ये बस्टर कीटननं याच रीतीनं नऊ कीटन एका रांगेत नाचवले. त्याचा कॅमेरामन एल्गिन लेस्ली कॅमेऱ्याची मूठ हातानं फिरवायचा, आणि दर फेरीला तो वेग जसाच्या तसा ठेवावा लागायचा. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनाच राम केलं आणि त्यांनाच सीताही. त्या वेळी बाया सिनेमात काम करायला तयार नसत, हे त्यामागचं खरं कारण. पण पुढच्या सगळ्या डबल रोलांचा मूळपुरुष तोच.

आता नागपुरात येऊ.

(दृश्य : महाल भागातला जुना वाडा. तळमजल्यावरची खोली, शहाबादी फरशी. मधोमध स्टँडवर कॅरम, वर लोंबणारा दिवा.)

महाल भागातल्या एका वाड्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक काकाजी राहतात. कॅरमचे पक्के. त्यांच्या शेजारची मुलगी फोटोग्राफी करते, एरवी लग्नांचीच. तिच्या डोक्यात एक फोटो होता : कॅरमच्या चार बाजूंना चार काकाजी आणि पाचवे मागे उभे, हात पाठीशी बांधून, फुकटचा सल्ला देणारे. आपण सगळ्यांनी हा पाचवा माणूस पाहिलेला आहे. नागपुरात तर प्रत्येक कॅरममागे तो एक असतोच, आणि त्याच्या तळहातावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटणं चालू असतं.

वरच्या मजल्यावरची खोली प्रशस्त होती, उजेडही छान. तिनं ती घेतली नाही. वर लाकडाची तक्तपोशी आहे, माणूस चालला की तिवई हलते. या कामात सगळं पुन्हा जमवता येतं, हललेला कॅमेरा मात्र नाही. म्हणून खालची खोली, फरशीवर तिवई, तिच्या मधल्या दांड्याला लटकवलेली विटांची पिशवी.

मग एक एक गोष्ट बांधून टाकायची. फोकस एकदा लावून हातावर टाकला, म्हणजे कॅमेरा आपल्या मनानं दुसरीकडे बघणार नाही. छिद्र, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता), शटर सगळं मॅन्युअल. रंगाचं संतुलन ऑटोवर नको, नाहीतर काकाजींनी मरून रंगाचा सदरा घातला की भिंत हिरवट आणि पांढरा घातला की तीच भिंत पिवळी. शटर एक पन्नासांश सेकंद. हा आकडा तिनं उगाच घेतलेला नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एक पन्नासांश सेकंदात बरोबर दोन चढउतार बसतात, म्हणून पाचही फोटोंत उजेड सारखा येतो.

कॅरमवरच्या एकोणीस सोंगट्या दुहेरी चिकटपट्टीनं चिकटवल्या. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. फडफडणारं कॅलेंडर उतरवलं. आणि मग तिनं बटणाकडे हात नेला.

"काहून वं, पंखा काहून बंद करतं?"

"दिवा झुलते ना काकाजी. सावली हलते."

"आन् कूलर?"

"कूलरही."

"मे महिन्यात? नागपुरात? जीव घेतं काय पोरी?"

बाहेर ऊन पंचेचाळीसच्या घरात. आमच्या कॅमेरामनचा चष्मा घामानं नाकावर टिकेना. तिचं मात्र बरोबर होतं. कॅरमवरचा दिवा बोटभर झुलला तरी प्रत्येक सोंगटीची सावली जागा सोडते, आणि एका फोटोतली सावली दुसऱ्याशी जुळत नाही.

(दृश्य : कॅमेऱ्याच्या पडद्यावर रिकामी खोली. रिमोटचं बटण दाबणारा अंगठा.)

पहिला फोटो रिकाम्या खोलीचा. माणूस नाही, फक्त कॅरम, चार खुर्च्या आणि दिवा. बघणाऱ्याला तो वाया गेलेला फोटो वाटेल. प्रत्यक्षात बाकीचे सगळे याच फोटोवर येऊन बसतात. पुढे कुठे एक कोपर नको झालं, कुठे एक सावली जास्त झाली, तर मागची खरी भिंत याच फोटोतून मिळते. घाईत हा एक फोटो राहून गेला की मग ती भिंत कॉम्प्युटरवर रंगवत बसायची पाळी येते.

आता खरं अवघड काम : नजर. चारातला एक काकाजी दुसऱ्या काकाजीकडे रागानं बघतोय, पण तिथे दुसरा काकाजी नाहीच. रिकाम्या खुर्चीकडे बघणाऱ्या माणसाचे डोळे रिकामेच दिसतात. त्यावर तिनं काढलेला तोडगा आम्हाला फार आवडला. प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर पांढऱ्या अभ्र्याची उशी उभी केली आणि तिच्यावर, डोळ्यांच्या उंचीला, काकूंची टिकली चिकटवली. काकाजींनी बघायचं ते टिकलीकडे. उशीचा आणखी एक फायदा होता, तो तिनं नंतर सांगितला. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस खरोखर बसला असता, तर त्याच्या सदऱ्यावरून उसळलेला उजेड याच्या गालावर पडला असता. तो उजेड नसला की बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण फोटोत काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. पांढरी उशी तो उजेड देते.

काकाजी रंगात आले. पहिला काकाजी नेम धरणारा, एक डोळा मिटलेला. दुसरा चिडका, "हात कापला, हात कापला" म्हणणारा. तिसरा गालाला हात लावून कंटाळलेला. चौथा बोर्डाखालून सोंगटी लपवणारा. आणि हे काम त्यांनी जितक्या सहजतेनं केलं, त्यावरून आमच्या मनात जुन्या कॅरम स्पर्धांविषयी काही शंका आल्या. दर वेळी सदरा बदलायचा, घाम पुसायचा, पावडरचा हात कोरडा करायचा.

पाचव्याची अडचण वेगळी. तो उभा, आणि त्याच्या सदऱ्यासमोर खाली बसलेल्या कंटाळलेल्या काकाजींचं डोकं येणार. पांढरे केस आणि मागे पांढरा सदरा म्हणजे नंतर कापताना एकेका केसासाठी रडायचं. म्हणून पाचव्याला मरून सदरा. बाकीच्यांनी एकमेकांच्या अंगावर यायचंच नाही, असा तिचा नियम. कॅरमवर एका वेळी एकाचाच हात. कारण हाताबरोबर सावली येते, आणि दोन फोटोंतल्या दोन सावल्या एकाच जागी आल्या की त्यांचा निवाडा करणं जड जातं.

(दृश्य : ओसरी. ताटात तर्री पोहे. काकाजी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं वारा घेतायत.)

मधल्या सुट्टीत काकाजींनी नवा बेत काढला. पुढचा फोटो नागपुरातल्या झिरो माइल स्मारकापाशी काढायचा. तिथल्या खांबाजवळ चार घोडे आहेतच, चारही एका साच्यातले. शेजारी चार काकाजी उभे केले की हिशेब जुळला.

मुलगी हसली, पण तयार झाली नाही. उघड्यावर सूर्य थांबत नाही. दर चार मिनिटांनी तो आकाशात एक अंश सरकतो. एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत सदरा बदलायला दहा मिनिटं गेली, तर पहिल्या काकाजीची सावली एका दिशेला आणि चौथ्याची भलत्याच दिशेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर विचारूच नका. त्या दिवसांत नागपुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. बारा वाजून दहाएक मिनिटांनी सावली पायाखाली गडप होते. काकाजी म्हणाले, मग तेव्हाच काढू, सावलीची कटकटच नाही. पण वरून सरळ ऊन पडलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि चेहरा ओळखू येत नाही. शिवाय काही मिनिटं पुढेमागे झालं, की मघाशी पश्चिमेला असलेली इवलीशी सावली पूर्वेला आलेली असते. ढगाळ दिवस मिळाला तर बघू, असं म्हणून तिनं विषय संपवला. तर्री मात्र दोघांनी दोनदा घेतली.

(दृश्य : कॉम्प्युटरचा पडदा. काळा चौकोन, त्यात हळूहळू उमटणारी बोटं.)

कॉम्प्युटरवरचं काम ऐकायला जितकं जादूचं वाटतं तितकं ते नाही. सहा फोटो एकावर एक ठेवायचे, रिकाम्या खोलीचा सगळ्यांत खाली. वरच्या प्रत्येक फोटोला काळा मुखवटा चढवायचा, म्हणजे तो अख्खा झाकला जातो. मग पांढऱ्या ब्रशनं जिथे काकाजी आहेत तेवढंच उघडायचं. चुकलं तर काळ्या ब्रशनं परत झाकायचं. मूळ फोटोचा एक कणही खोडला जात नाही. फोटोशॉप असो की फुकटचं गिम्प, रीत हीच.

एक तपासणी मात्र बघण्यासारखी. वरचा थर 'डिफरन्स'वर टाकला की दोन फोटोंत जे जे सारखं ते काळं होतं, आणि जे बदललं तेवढंच उजळतं. खोली काळीकुट्ट झाली आणि काकाजी भुतासारखे चमकायला लागले. इथपर्यंत ठीक. पण चिडक्या काकाजीच्या फोटोत कॅरमच्या चारही कडांना केसाएवढी उजळ रेघ होती. चिडण्याच्या भरात त्यांनी कोपर टेकवलं होतं आणि बोर्ड किंचित सरकला होता. मुलीनं तो थर बाणाच्या बटणानं एक घर डावीकडे आणि दोन घरं वर नेला. रेघ विझली.

केसांच्या कडेला मऊ ब्रश, कॅरमच्या लाकडी कडेला टणक. चौथ्या काकाजीच्या बुडाखालची सावली ती आधी विसरली होती. सावली नव्हती तोवर ते खुर्चीवर तरंगत होते, सावली उघडली आणि बसले.

(दृश्य : मोठा छापील फोटो काकूंच्या हातात.)

बारा बाय अठराचा प्रिंट काकूंनी खिडकीशी नेला. चष्मा वर केला, खाली केला. मुलगी श्वास रोखून उभी. काकूंना सांधा दिसला नाही, सावल्या खटकल्या नाहीत. त्या बराच वेळ मनगटांकडे बघत होत्या.

"काहो, भिंतीवरचं घड्याळ तर काढून ठेवलं होतं. हातातलं नाही काढलं काय?"

सगळे वाकले. नेम धरणाऱ्या काकाजींच्या घड्याळात साडेदहा. चिडक्याच्या घड्याळात अकराला पाच कमी. मागे उभ्या खर्रेवाल्याच्या मनगटावर स्वच्छ पावणेबारा.

मुलगी लॅपटॉप उघडायला वळली. काटेच पुसायचे, पाच मिनिटांचं काम. काकाजींनी तिला थांबवलं.

"राहू दे वं. थो खर्रेवाला रोजच उशिरा येते."