हातात काही नसताना चालणारा शब्द

(लोअर परळमधल्या एका कार्यालयात, नुकत्याच टीमप्रमुख झालेल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बढतीबद्दल अभिनंदन. रजा मंजूर करणं, शिफ्ट लावणं, वर्षाअखेरीला शेरा मारणं आता तुमच्या हातात आलं. उद्यापासून लोक तुमचं ऐकतील. फक्त ते तुमचं ऐकतात की तुमच्या सहीचं, हे तुम्हाला चटकन कळणार नाही. आजचं बोलणं तेवढ्यावरच आहे. त्यासाठी लांब जायला नको, आपण गिरणगावातच बसलोय.

गिरणीत तुमच्या जागेवर जॉबर असायचा. सकाळचा भोंगा झाला की बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतले जाणारे, दाराशी गोळा व्हायचे. त्यातलं आत कोणाला घ्यायचं, ते जॉबर ठरवायचा. त्याने नजर फिरवून एखाद्याला खूण केली, तर त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी पक्की. बाकीच्यांनी घरची वाट धरायची. कामाला लावायची दस्तुरी, म्हणजे आपला हिस्सा, तो घेई. नडलेल्याला व्याजाने पैसे देई, वाण्याकडे जामीन राही, गावाहून आलेल्या पोराची पथारी कुठेतरी टाकून देई. साचा, म्हणजे यंत्रमाग, अडला तर तो चालू करायलाही तोच. वायंडिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बायकांवर नाईकीण असे, तिचाही कारभार असाच.

जॉबरला खलनायक ठरवून मोकळं व्हायची आपली पद्धत आहे. मला ते पटत नाही. मॅनेजरला जॉबर लागायचा तो माणसं आणण्यासाठी आणि टिकवण्यासाठी. खात्यातल्या माणसांनीच पाठ फिरवली, तर साहेबाच्या लेखी त्याला काही किंमत नव्हती. म्हणून संपाच्या वेळी कित्येक जॉबरांना कामगारांच्या बाजूने उभं राहावं लागलं. वरून मिळालेला अधिकार खालच्यांच्या मर्जीवर इतका अवलंबून असतो, हे तुमच्या नेमणूकपत्रात कुठे लिहिलेलं नसणार.

आता दुसरा माणूस घ्या. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. टपाल खात्यात आणि मग गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी, पुढे ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक. कोणाला कामावर घ्यायची किंवा काढायची ताकद त्यांच्याकडे कधीच नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि त्यातून निघालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांची नावं पडली.

त्या अर्जात मागितलंय काय, ते नीट बघा. आठवड्यातून रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवणाची सुटी. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर निर्वाहाची सोय. न्याय, सन्मान वगैरे मोठे शब्द सभेत बोलले गेले असतील. कागदावर मात्र वेळ आणि तारीख आहे. साच्यावर चौदा तास उभ्या राहणाऱ्याला हा आपलाच अर्ज आहे हे ऐकताक्षणी कळावं आणि मालकाला टोलवाटोलवी करता येऊ नये, अशी ती मांडणी. तुमच्या टीमच्या वतीने वर काही मागायची वेळ आली, तर ‘कामाचा ताण कमी करा’ असं लिहू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं काम नको, ते लिहा.

मागणी लगेच मान्य झाली नाही. लोखंडे सहा वर्षं तेच लावून धरत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली, सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. १८९० मध्ये, हजारो पुरुषांपुढे! सभेचा मुख्य माणूस दुसऱ्याला बोलू देतो, तेव्हा त्याचं वजन घटत नाही, हे मी बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलंय. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

मी स्वतः कारखान्यांत कामगार अधिकारी होतो. फलकावर नवी सूचना लावली की मी ती वाचणाऱ्यांकडे बघत नसे. ते वाचून झाल्यावर कोणाकडे बघतात, तिकडे माझं लक्ष असे. एका खात्यात सगळ्यांच्या नजरा एका जुन्या फिटरकडे वळत. तो टाकाऊ सुताच्या बोळ्याने हात पुसत काही न बोलता कँटीनकडे निघाला की समजायचं, सूचना चालणार. तो थांबला, तर दुपारपर्यंत माझ्या टेबलासमोर चारजण उभे. खात्यातल्या निम्म्या पोरांना मायक्रोमीटर त्याने शिकवला होता, आणि यंत्रावरचा भाग कोणाच्या हातून बिघडला हे फोरमनला त्याच्याकडून कधी कळलं नव्हतं.

पण लोखंड्यांची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील. त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन या गिरणी कामगारांच्या संस्थेबद्दल १८९२च्या सरकारी अहवालात म्हटलंय की या संस्थेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. कामगार चळवळीचे अभ्यासक हे वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरतात. मला त्यातलं दुखणं वेगळं वाटतं. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले आणि असोसिएशन विरली. लोकांचा विश्वास एका माणसावर होता, तो पुढच्या कोणाच्या हाती गेलाच नाही. जॉबर मात्र त्यानंतरही कित्येक दशकं टिकले. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपात अर्जुन आळव्यांसारखे स्वतः गिरणीत राबलेले पुढारी होते, आणि गिरणीगिरणीत कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या. रोजचं गाऱ्हाणं घेऊन जायला जॉबरखेरीज दुसरी जागा तयार झाली ती तिथे.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: “आमच्या टीममध्ये असा एक जॉबर आहे, त्याचं काय करायचं?”

त्याला समज देऊन काही होणार नाही, बदली केली तर त्याच्या जागी दुसरा येईल. आधी शोधा, लोकांना त्याच्यामार्फत मिळतंय काय. शिफ्ट बदलून मिळते? चांगल्या प्रोजेक्टवर नाव लागतं? जे मिळत असेल ते उघड यादीवर आणा, सगळ्यांना दिसेल अशा क्रमाने. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली, महिन्याच्या पहिल्या तारखेला. जॉबर त्याने नाहीसा झाला नाही. पण ज्याच्याकडे कार्ड होतं, त्याला दारातून आत जायला निदान फक्त जॉबरच्या मर्जीवर राहावं लागत नव्हतं.