आत्याच्या पाटल्या आणि संमोहन

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आत्या इथेच इंदूरला रामबागेत राहते. गेल्या दिवाळीआधी सीतलामाता बाजारातून परतताना दोघांनी तिला अडवलं. “माताजी, हम पुलिस से हैं. आगे लूट हुई है, चूड़ियाँ उतारकर कागज़ में रख लो.” तिनं पाटल्या उतरवल्या. एकानं तिच्यादेखत पुडी बांधून पिशवीत टाकली. घरी येऊन उघडली, तर आत दोन खडे आणि एक लोखंडी कडं. “मला भूल घातली रे त्यांनी,” एवढंच ती म्हणाली. शेजारी म्हणाले, संमोहन केलं असणार.

संमोहनानं माणसाकडून त्याच्या मनाविरुद्ध काही करवून घेता येतं का? आपल्या गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेले आबे फारिया 1813 साली पॅरिसमध्ये याचे प्रयोग दाखवत. त्यांचं म्हणणं होतं, शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते. जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

पुढे 1965 मध्ये मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांनी एक धाडसी प्रयोग केला. संमोहित माणसांना सांगितलं, हा विषारी साप धरा, तीव्र आम्लातलं नाणं हातानं काढा, आणि ते आम्ल समोरच्या मदतनिसाच्या तोंडावर फेका. सहापैकी पाच जणांनी सगळं केलं! कुणाला इजा होऊ नये याची व्यवस्था अर्थातच आधी केलेली होती. पण संमोहनाचं नुसतं सोंग घ्यायला सांगितलेल्या सहा जणांचं काय झालं? त्या सहाही जणांनी तेच केलं. प्रयोगशाळेत आपल्याला कुणी खरी इजा होऊ देणार नाही, असा त्यांचा भरवसा होता. म्हणजे हात हलवले ते त्या भरवशानं. त्यासाठी संमोहनाची गरजच पडली नाही.

याचा अर्थ संमोहन निव्वळ थोतांड, असं मी म्हणत नाही. वेदना कमी करायला डॉक्टर त्याचा उपयोग करतात. आणि त्याच गुंगीत सुचवलेली खोटी आठवण खरी वाटू लागते, हा धोकाही आहे. पण भर बाजारात, दोन मिनिटांत, अनोळखी बाईला कुणी संमोहित करत नाही. तिथं चालते ती पोलिसाची जरब, दंग्या-लुटीची भीती आणि “लवकर करा”ची घाई.

मी आत्याजवळ बसलो. म्हटलं, तुला काय काय आठवतंय ते सांग. भूल पडली म्हणणाऱ्या आत्याला सगळं आठवत होतं. एकाच्या डाव्या भुवईवरचा व्रण, दुसऱ्याच्या तोंडाला येणारा जर्द्याचा वास, निळी मोटारसायकल, पुडीचा कागद दोनदा दुमडणारी ती बोटं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौकीत गेलो. तिनं हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, आणि खाली सही करताना तिचा हात थरथरला नाही.